जानेवारीपर्यंतची रात्र

"रात्रभर लावून ठेवायचा,"
किर्केनेसच्या हॉस्पिटलातली नर्स म्हणाली.
"कुठली रात्र?" आसब्यर्नने विचारलं.
आमच्या व्हार्डोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो,
तो जानेवारी निम्मा झाल्यावरच तोंड दाखवतो.
नर्स हसली नाही.
तिने हे आधीही ऐकलं असणार.

पहिल्या रात्री एक तास दहा मिनिटं.
दुसऱ्या रात्री चाळीस,
आणि मास्क सापडला पलंगाखाली, लोकरी मोज्यांशेजारी,
अजून फुसफुसत,
होडीच्या तळाशी विसरलेल्या माशासारखा.

तीस हिवाळे ह्या माणसाने रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारला.
गेल्या मार्चमध्ये भर दुपारी गाडीतच डोळा लागला
आणि गाडी घुसली मासळीच्या वाळवणात.
"कॉडची मुंडकी काचेतून माझ्याकडेच बघत होती,"
असं तो सांगतो, लोकांना हसवायला.
मला सांगत नाही.
मला त्याच्या आधीचं ठाऊक आहे:
घोरणं मध्येच तुटायचं, आणि मी मोजायला लागायची.
अकरा. बारा. एकोणीस.
एकदा एकतीस झाले, तेव्हा बरगडीत कोपर मारलं.
बावीस वर्षं मी अशी
अंकगणित उशाला घेऊन झोपले.

तो पट्टे आवळायचा,
चाकाला साखळ्या आवळाव्यात तसे, दात खाऊन.
सकाळी गालांवर लाल चर,
नाकाच्या दांडीवर फोड,
आणि हवा तरी फटीतून डोळ्यांत शिरलेलीच.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात,
ते आमच्या घरात अक्षरशः खरं झालं.
घसा वाळून लाकूड.

मग मिशी काढली.
अठ्ठ्याऐंशी सालापासून तो वरचा ओठ मी पाहिला नव्हता.
जरासा घाबरट आहे.

नर्स फोनवर म्हणाली, जागेपणी सवय करा.
म्हणून रविवारी मास्क लावून तो टीव्हीसमोर बसला, स्कीच्या शर्यती बघत.
शेजारची हेरलॉग माशाच्या वड्या घेऊन आली,
सोंडेसारखी नळी बघितली,
ताटली ठेवली, म्हणाली, "वारा पडलाय,"
आणि गेली.

त्याच्या जुन्या स्वेटरची बाही मी कापली,
नळीवर चढवली.
थंडीने आत पाणी साचून गुडगुडायचं, ते थांबलं.
कोपराचं ठिगळ तसंच राहू दिलं.
नळी पलंगाच्या डोक्याशी खिळ्यावर टांगली,
म्हणजे कूस बदलली तरी ओढ बसत नाही.

आणि त्याला म्हटलं, आधी आडवा हो.
उभ्या माणसाचं तोंड वेगळं, आडव्याचं वेगळं;
साठीनंतर गाल कानांकडे ओघळतात.
मशीन सुरू केलं. मागचा पट्टा सोडला.
एक खाच.
अजून एक.
त्याने माझा हात धरला. "निघेल."
"निघू दे."
नाही निघाला.
हवेने फुगला, जरा हलला, आणि बसला,
कोंबडी अंड्यांवर बसते तसा.

त्या रात्री तो सहा तास झोपला.
मी नाही.
मोजायला काही नव्हतं.
एवढ्या शांततेत कसं झोपायचं, हे त्या पुस्तिकेत लिहिलेलं नाही.
बारीक भोकांपुढे तळवा धरला:
त्याचा श्वास बाहेर येत होता,
कोमट, ओलसर, प्लास्टिकचा वास असलेला.
तरी मोजलं.
चार. परत चार.
परत

जाग आली तेव्हा खिडकीत दुपारचा निळा उजेड होता,
दोन तास टिकतो तो.
आसब्यर्न उठून बसला होता, मास्कसकट,
आणि बादलीत तोंड घालून बोलावं तसं काहीतरी बोलत होता.
"काय?"
त्याने मास्क काढला.
गालावर चर होता, पण फिका.
"गुनवोर, तू घोरतेस."

मी म्हटलं, कॉफी तू ठेव.